बुधवारचं पाणी

आमचा रविवार बुधवारी यायचा. लग्न होऊन सिल्वासाला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा घोळ माझ्या लक्षात आला. सगळ्या कारखान्यांना एकाच वेळी वीज पुरत नसे, म्हणून भागाभागाला बंदचे वार वाटून दिले होते आणि आमच्या भागाच्या वाट्याला बुधवार आला होता. त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लाइट नाही, म्हणून कारखाने बंद, म्हणून माणसं घरी. पाहुणे बुधवारी यायचे, डोक्यावरून अंघोळ बुधवारी, मटण बुधवारी. रविवारी मात्र नवरा डबा घेऊन कामावर. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. तिला वाटायचं, जावई काहीतरी लपवतोय.

आम्ही धुळ्याकडचे. नवरा आणि धाकटा दीर दोघेही धाग्याच्या कारखान्यात होते, नवरा गावातच आणि दीर जवळच्या खडोलीला, तिथलाही बंद बुधवारचाच. चाळीत शेजारशेजारच्या दोन खोल्या घेऊन आम्ही राहत होतो, एकीत मी, नवरा आणि माझा लहान मुलगा, दुसरीत दीर आणि माझी धाकटी जाऊ. चूल एकच, माझ्याकडे. चाळमालकाची बोअर होती, तिच्यावर मोटर, आणि चाळीच्या तोंडाशी दोन नळ. मोटर चालू असेल तर पाणी. बुधवारी लाइट नाही, म्हणजे मोटर नाही, म्हणजे नळाला टिपूसही नाही. आणि बुधवारीच तर पाणी जास्त लागायचं, कारण सगळी माणसं घरात. म्हणून मंगळवारी संध्याकाळी चाळीतल्या बायकांची नळावर जी काही झुंबड उडायची, ती बघण्यासारखी असे. हंडे, कळश्या, बादल्या, डालड्याचे डबे, आणि शेवटी ड्रम.

ड्रम कारखान्यातून यायचे. धाग्याला लावायचं तेल त्यात येई. रिकामा झाला की सुपरवायझरच्या मर्जीतल्या माणसाला तो मिळायचा, आणि तो ड्रम डोक्यावर घेऊन माणूस चाळीत शिरला की लग्नातला आहेर आल्यासारख्या सगळ्या बायका दारात येत. सोड्यानं आणि चिंचेनं किती घासला तरी पुढं कित्येक दिवस पाण्याला तेलाचा वास येतच राही. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या माहेरी उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरलेलं. घरात कमरेएवढा ड्रम काठोकाठ भरलेला बघितला की छाती भरून यायची. दुधनीकडे एवढं मोठं धरण, पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस, तरी आमची ही सवय काही गेली नाही.

जाऊ तर त्या बाबतीत माझ्याहून कडक. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं पाणी उंबऱ्यावर शिंपडायला, कपड्यांचं शेवटचं पाणी मोरीला. तांब्यात घोटभर उरलं तरी ती ते परत कळशीत ओतायची. मी एकदा तिला हसले तर म्हणाली, "ताई, पानी फेकानं नही हो. पाप लागस." बोलायला मऊ, पण हट्टाला पक्की होती.

तिला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. गावाकडे सासूबाईंनी काय काय केलं ते सांगत बसत नाही, पण दर दिवाळीला जाऊन आली की ती चार दिवस जेवायची नाही एवढं मी बघितलेलं आहे. मग एका पावसाळ्याच्या तोंडाशी तिला दिवस गेले. दिरानं सगळ्या चाळीला पेढे वाटले. मी म्हटलं, अहो, अजून तिसरा महिनासुद्धा लागला नाही, लोक काय म्हणतील! तो नुसता हसत सुटला होता. त्यानंतर प्रत्येक बुधवारी तो तिला बसमधून दादऱ्याच्या तळ्यावरच्या बागेत न्यायचा. ती परत येऊन मला सांगायची की होडीत बसले नाही, काठावरच बसलो, शेंगा खाल्ल्या. एवढंच सांगायची, पण दर वेळी निराळं असल्यासारखं.

त्याच पावसाळ्यात आमच्याकडे हिवतापानं थैमान घातलं. दारादारात कुणीतरी गोधडीखाली कुडकुडत पडलेलं. आज थंडी वाजून ताप, उद्या उठून कामावर, परवा पुन्हा गोधडीत. चाळीतल्या म्हातारीपासून माझ्या पोरापर्यंत सगळ्यांची बोटं टोचून काचेवर रक्त घेऊन झालं, त्या कडू गोळ्या गिळून झाल्या. जावेला तपासायला येणारी नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला ताप येऊ देऊ नका. ही पहिलटकरीण आहे, ताप आला तर पोर राहायचं नाही." मला तेव्हापासून दुसरं काही सुचेना. मी माझी मच्छरदाणी तिला दिली, संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करायला लागले, तिच्या खोलीत धुणं वाळत घालू देईना.

मग सरकार जागं झालं. जीपवर भोंगा लावून तीन भाषांत सांगत फिरले की डास गटारीतच होतात असं नाही, हा ताप पसरवणारा डास तुमच्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा, घासा, कोरडी करा. आमच्या चाळीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चुन्याचा पट्टा मारून हातभर अक्षरांत लिहून गेले: दर बुधवारी कोरडा दिवस पाळा. खाली तेच गुजरातीत.

बुधवारी! मी वाचलं आणि मला वाटलं, माझ्याच वाचण्यात काही चुकलं. बुधवारच का, तर म्हणे त्या दिवशी कामगार घरी असतात, जड ड्रम आडवे करायला बायकांना हातभार लागेल. कुणीतरी खुर्चीत बसून आमचा केवढा विचार केला होता! कामगार घरी का असतात, तर लाइट नसते म्हणून, आणि लाइट नसते तेव्हा नळाला पाणी नसतं, एवढी एक पायरी पुढे जायला त्याला काय झालं होतं कोण जाणे. त्याच्या बंगल्यात बुधवारी पाणी येत असणार.

पुरुषांना मात्र चेष्टेचा विषय मिळाला. सिल्वासात ड्राय डे म्हटल्यावर गुजरातेतून दारू प्यायला येणारे कसे पळतील, यावर चाळीत आठवडाभर हशा पिकत होता. माझा नवराही त्यात. मी त्याला म्हटलं, हसा, बुधवारी अंघोळीला बसाल तेव्हा कळेल.

पहिल्याच बुधवारी मलेरियावाला आला. म्हणजे हिवतापाच्या खात्यानं रोजंदारीवर ठेवलेला एक काळासावळा पोरगेला माणूस, हातात पाणी काढून बघायचा पत्र्याचा डाव आणि बॅटरी. चाळीच्या तोंडाशीच पहिल्या खोलीतल्या म्हाताऱ्या मावशींचा ड्रम होता. त्यानं बॅटरी मारून आत बघितलं आणि काही न बोलता ड्रम कलता केला. मंगळवारी दोन तास रांगेत उभं राहून भरलेलं पाणी भसाभसा रस्त्यावर गेलं. मावशी आधी बघतच राहिल्या आणि मग त्यांनी तोंड सोडलं, "तुना बाप भरी गया का रे हाऊ ड्रम? आते मी काय पिऊ, तुनं डोकं?"

तो बिचारा मागे सरकला. "बेन, हूं शुं करूं? ऊपर से बुधवार आया है," असं म्हणत तो पुढच्या दाराकडे वळला तर तिथं तीन बायका ड्रमला पाठ लावून उभ्या. मीही त्यातली एक. त्या दिवशी त्यानं हात टेकले. पण पुढच्या बुधवारी तो दोन माणसं आणि एक मुकादम घेऊन आला, आणि ऐकलं नाही तर दंड होईल असं मुकादमानं सांगितलं. त्या दिवशी सबंध चाळीत प्यायला पाणी नव्हतं. बायका हंडे घेऊन पार पेट्रोलपंपापर्यंत गेल्या. जावेला मी जाऊ दिलं नाही, तर तिला माझा राग आला.

त्यानंतर आम्ही काय केलं, ते त्या परिस्थितीत कुणीही केलं असतं. प्रत्येक घरानं एकेक ड्रम आत घेतला. बाहेरचे ड्रम मंगळवारीच निम्मे ठेवायचे, बुधवारी मलेरियावाल्यासमोर आपल्या हातानं आडवे करायचे, तोही खूश, मुकादमही खूश. आणि आतला ड्रम, खाटेमागे, गोधडीनं झाकलेला, काठोकाठ भरलेला. कोरड्या दिवसाचा ड्रम असंच त्याला नाव पडलं. मंगळवारी नळ लवकर गेला, बुधवारी अंधार पडल्यावरही लाइट आली नाही, पाहुणे जास्त आले, तर असावा म्हणून. तो सहसा लागायचाच नाही. वरवरचं तांब्याभर काढलं तर लगेच तांब्याभर घालून ठेवायचं. आधी बाहेर होते ते ड्रम वापरून वापरून आपोआप तळाला जायचे, घासले जायचे. आतल्या ड्रमाचा तळ कुणी पाहिलाच नाही. कोरडा दिवस यायच्या आधी आमच्याकडे असा एकही ड्रम नव्हता, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन.

हे बरं नाही, एवढं मला तेव्हाही वाटत होतं. डास कमी व्हायचं नाव घेत नव्हते. जावेला सहावा लागला होता. म्हणून एका बुधवारी पोराला नवऱ्याच्या गळ्यात टाकून, मावशींना आणि शेजारणीला बरोबर घेऊन मी पलीकडच्या भागातल्या मलेरियाच्या कचेरीत गेले, तिथं बुधवारीही लाइट असे. साहेब मराठी निघाले, नाशिकचे. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आपला माणूस आहे, आपलं ऐकेल.

त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, आवाज चढवला नाही, भिंतीवरचं चित्र दाखवून समजावून सांगितलं. हे अंडं, ही अळी, हा कोष, हा डास, सगळं साधारण आठवड्याभरात होतं, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकायचं. मी म्हटलं, "साहेब, ते कळलं. आठवड्यातून एकदा ओतू, घासू, उन्हात पालथंही घालू. फक्त वार बदलून द्या. बुधवारी आमच्याकडे पाणी नसतं. गुरुवार करा, शुक्रवार करा."

ते हसले. लहान पोराकडे बघून हसतात तसे. म्हणाले, "बाई, वार महत्त्वाचा नाही. सवय महत्त्वाची."

"वार महत्त्वाचा नाही, तर मग बदला ना," मी म्हटलं.

त्यांच्या कपाळावर आठी आली. ते म्हणाले, असं एका चाळीसाठी बदलता येत नाही, वरून ठरतं, भिंती रंगवून झाल्या आहेत, भोंग्यावर सांगून झालं आहे, आता वार बदलला तर लोकांचा गोंधळ होईल. मी सांगितलं की गोंधळ आत्ताच आहे, घरात गरोदर बाई आहे, तिला ताप आला तर काय करू. त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच तर सांगतो, पाणी साठवू नका." आणि त्यांनी टेबलावरची घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. रस्त्यात मावशी म्हणाल्या, चांगला माणूस होता, पंख्याखाली बसवलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना मागे टाकून भराभर पुढे निघाले.

पाऊस संपला आणि ऑक्टोबरचं ते चिकट ऊन सुरू झालं. जावेची खोली लहान. खाट भिंतीला, खाटेमागे ड्रम. मच्छरदाणी बांधली की तिची एक बाजू ड्रमाला अडकायची, गादीखाली नीट खोचता यायची नाही. ती तिथे उशी लावून ठेवायची. दीर म्हणाला, ड्रम बाहेर काढू, तर ती म्हणाली, नेमकं बाळंतपण बुधवारी आलं तर घरात गरम करायला पाणी नको का? तिचं बरोबरच होतं.

दिवाळी दोन-तीन आठवड्यांवर होती. दुपारी मी तिच्याकडे पोह्यांची बशी घेऊन गेले तर ती भर उन्हात दोन गोधड्या पांघरून पडलेली, दात वाजत होते. खाट हलत होती. मी तिच्या अंगावर अक्षरशः आडवी पडले, पण ते हुडहुडणं थांबेना. मग ताप इतका चढला की हात लावला तर चटका बसे. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांनी धावपळ केली, सुया दिल्या, बर्फ आणला, त्यांना मी काही बोलणार नाही. पहाटे ती बाळंत झाली, सातव्यातच. मुलगी होती. रडली नाही. दिराच्या हातात मावेल एवढी होती, आणि त्यानं ती मला घेऊ दिली नाही.

जाऊ वाचली. सगळे मला म्हणत होते, बाई वाचली हे नशीब समजा. मी समजत नव्हते. आजही समजत नाही.

ती दवाखान्यात होती तेव्हा तिच्या अंथरुणाच्या चादरी आणायला मी तिच्या खोलीत गेले. चादर ओढताना ड्रमावरची गोधडी सरकली आणि आतून डास उठले. खिडकी उघडली, वाकून बघितलं. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचा गंज दिसत होता. आणि वर अळ्या, काड्यांचे बारीक तुकडे पसरावेत तशा आडव्या. माझी सावली पडली तशा त्या सरकल्या. मला साहेबांची ती भिंत आठवत होती, हे अंडं, ही अळी.

मी निम्मं पाणी बादलीनं उपसून मोरीत ओतलं, मग एकटीनं तो ड्रम दारापर्यंत ओढला आणि लाथ मारून आडवा केला. उरलेलं सगळं पाणी ओट्यावरून रस्त्यावर. आवाज ऐकून शेजारीण बाहेर आली आणि घाबरून म्हणाली, "आज बुधवार शे का वो?" मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग दारोदार जाऊन प्रत्येकीचा आतला ड्रम बघायला लावला. तीन घरं सोडली तर सगळीकडे तेच. त्या दिवशी मंगळवारही नव्हता, बुधवारही नव्हता, नळाला धो धो पाणी होतं. सगळ्यांनी ड्रम ओतले, घासले, पुन्हा भरले. संध्याकाळपर्यंत काम संपलं. एवढं सोपं होतं ते. पाणी असलेल्या दिवशी करायला सांगितलं असतं तर आम्ही पहिल्याच आठवड्यात केलं असतं.

पुढे मी लोकांना हे सांगितलं की शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात, अडाणीपणा, दुसरं काय, सरकार सांगत होतं तर ऐकायचं नाही. मी आता भांडत नाही. फक्त विचारते, तुमच्याकडे नळाला पाणी कोणत्या वारी येत नाही? त्यांना प्रश्नच कळत नाही.

जाऊ घरी आली. बुधवारी दीर तिला चल म्हणायचा, तळ्यावर जाऊ, तर नाही म्हणून मान हलवायची. माझ्याकडे येऊन भाजी निवडत बसायची आणि निवडलेलीच पुन्हा निवडायची.

थंडी ओसरली तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी ओट्यावर तांदूळ निवडत बसलो होतो. एक रंगारी सायकलवरून आला, शिडी भिंतीला लावली, आणि भिंतीवरच्या 'बुधवारी'वर चुना मारायला लागला. मी विचारलं, काय लिहिताय? म्हणाला, आता शुक्रवार झाला. मी उभीच राहिले. मला वाटलं, कुणीतरी आमचं ऐकलं. उशिरा का होईना, कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, कशामुळे बदलला? तो ब्रश मारता मारता म्हणाला, "नवा साहेब आला ने. त्यांची मीटिंग बुधवारी असते. माणसं मोकळी नसतात, म्हणून."

मी खाली बसले.

चुना घट्ट झाला होता. त्यानं शिडीवरूनच जावेला हाक मारली, "ओ बेन, थोडा पाणी दो ने, रंगात घालायला." ती उठली, घरातून तांब्या भरून आणला आणि त्याला दिला. त्यानं थोडं पाणी डब्यात ओतलं, ढवळलं, अक्षरं काढली. माझे तांदूळ निवडून होईपर्यंत त्याचं कामही आटोपलं. खाली उतरून तांब्या परत देताना त्यानं मान मागे टाकून आपलं काम बघितलं.

जाऊही बघत होती. तिनं विचारलं, "इतलंच व्हतं का?"

त्याला वाटलं, ती कामाविषयी विचारतेय. "हां बेन," तो म्हणाला, "एक शब्द तर बदलायचा होता."

तो सायकल काढून गेला. तांब्यात निम्मं पाणी उरलं होतं. तिनं ते कळशीत ओतलं नाही, तुळशीला घातलं नाही. हात लांब करून तिनं ते रस्त्यावर भिरकावून दिलं आणि आत निघून गेली.